मारोतरावांचं अक्षर

मारोतराव तितरमारेंना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता आणि तो त्यांनी सत्तरी ओलांडेपर्यंत बऱ्यापैकी दाबून ठेवला होता. तो गर्व त्यांच्या अक्षराचा होता. पैसा नाही, जमीन नाही, पोरगं सुशील पुण्याला जाऊन तिकडचंच झालेलं. मिरवण्यासारखं होतं ते हेच, आणि तेही त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

माणूस मूळचा खाप्याचा. तरुणपणी नागपुरात आला, एस.टी.च्या वर्कशॉपात पेंटर म्हणून चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. बसच्या कपाळावर गावाच्या नावाची जी पाटी लागायची, ती रंगवणं हे त्यांचं काम. भिवापूर, सावनेर, काटोल, रामटेक. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला बोचकं घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीलाही आपली गाडी ओळखता यावी असं ठसठशीत, गोल, मोकळं अक्षर. पुढे गाड्यांना दिव्यांच्या पाट्या आल्या आणि या पत्र्याच्या पाट्या भंगारात गेल्या. एक तरी मागून घ्यावी असं त्यांना फार वाटलं, पण तोंड उघडलं नाही. ती रुखरुख मात्र त्यांच्याबरोबर घरी आली.

निवृत्तीनंतर काही माणसं देवाच्या नादी लागतात, काही सुनेच्या मागे लागतात. मारोतराव फळ्याच्या नादी लागले. मनीषनगरच्या अलीकडे त्यांचा जुना लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती. तिथल्या चौकात, नत्थूच्या चहाटपरीला लागून, कोण्या मंडळाने कधी काळी बांधलेला सिमेंटचा काळा फळा होता. गणपतीची वर्गणी आणि हरवलेलं कुत्रं याखेरीज त्यावर काही येत नसे. एका सकाळी मारोतरावांनी तो ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला, वर पिवळ्या खडूने ‘वेचक’ असं लिहिलं आणि खाली चार बातम्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं.

नत्थूच्या टपरीवर येणारे सगळे पेपर ते वाचायचे आणि त्यांतून चारच गोष्टी वेचायचे. एक राजकारणाची, एक कलेची, एक गावाकडची आणि एक खुद्द पेपरांचीच. खाप्याच्या एका विणकराने धोतराच्या काठात रेल्वेचं इंजिन विणलं, ही बातमी कोणाच्या कामाची? पण फळ्यावर आली की लोक थांबायचे. भिवापूरकडे दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करणारा एक म्हातारा अजून रोज दाढी घोटून, लुगडं नेसून एकटाच तालीम करतो, हेही लोकांनी इथेच वाचलं. आणि चौथी ओळ तर लाडाची. ‘कालच्या सभेला गर्दी: एका पेपरात दहा हजार, दुसऱ्यात चाळीस हजार. मैदान तेच.’ एवढं लिहून मारोतराव गप्प. स्वतःचं मत त्यांनी फळ्यावर कधी घातलं नाही. ज्याचं त्याने समजून घ्यावं.

चूक झाली तर मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वर, बातम्यांच्याही आधी, लाल खडूने ‘काल चुकलं’ असं लिहून ते चूक दुरुस्त करायचे. मोठमोठे पेपर आपली चूक आतल्या पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या टायपात छापतात. हा गडी ती चौकात लाल रंगात लिहायचा. त्यामुळे झालं असं, की लेआउटात काही उठलं की पहिला प्रश्न ‘फळ्यावर आलं का?’ हाच असायचा. एकदा गल्लीतले मनोहरराव गेल्याची खबर खुद्द त्यांच्या मेहुण्याने दिली, तरी दोघे-चौघे फळा बघून मगच हार घ्यायला गेले.

तर असा तो फळा, आणि असे ते मारोतराव. अशा माणसाला कोणी त्रास द्यायचं काही कारण नव्हतं. ते कारण रितिका घेऊन आली.

रितिका कॉलेज संपवून मोबाइलवर नागपूरच्या चित्रफिती टाकणारी मुलगी. कुठे जुनं दार, कुठे तर्रीचा ठेला, कुठे कोणी एकतारी वाजवणारा; शहरातलं असलं काही शोधून ती लोकांना दाखवायची. मुलगी मनाने वाईट नव्हती, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे तिचा राग येणार आहे. तिने मारोतरावांना फळ्यावर लिहिताना टिपलं. खडू कसा तिरपा धरतात, शिरोरेघ एका दमात कशी ओढतात, वेलांटी काढताना जीभ थोडी बाहेर कशी येते. वर मंद बासरी लावली आणि टाकून दिलं. आठवडाभरात ते लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. लोक मनीषनगरातून, धरमपेठेतून, कुठून कुठून गाड्या काढून यायला लागले. फळ्यापुढे उभे राहायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. फळ्यावर काय लिहिलंय ते मात्र कोणी वाचत नव्हतं. मारोतरावांच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण गर्व वर आला होता आणि तो गोड लागत होता. जयवंताबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना म्हणाल्याही, की आजकाल तुम्ही चौकात जायला इस्त्रीचा शर्ट घालता. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं.

मग रितिकाने एक सुचवलं. मारोतरावांच्या अक्षराचा फॉन्ट बनवू. म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, आकडे असं सगळं त्यांनी एकदा फळ्यावर लिहायचं. ती त्याचे फोटो काढून कॉम्प्युटरात घालणार. मग जगात कोणालाही त्यांच्या अक्षरात लिहिता येईल. ‘काका, तुमच्यानंतरही हे राहील,’ असं ती म्हणाली. भंगारात गेलेल्या पाट्यांची रुखरुख ज्याच्या मनात आहे, त्याला याहून दुसरं काय हवं असतं? मारोतरावांनी दोन सकाळी ‘वेचक’ला सुट्टी दिली आणि फळाभर बाराखड्या लिहिल्या. इतकं मन लावून त्यांनी बसची पाटीही रंगवली नसेल. एक ‘क्ष’ मनासारखा आला नाही म्हणून पुसून पुन्हा काढला. आपला गळा आपल्याच हाताने कोणी कापला असेल तर तो असा सुबक, मापात कापलेला होता.

त्या फॉन्टचं प्रकाशनही झालं. मांडव घातला दुर्गेशने. दुर्गेश म्हणजे लेआउटातलं चालू प्रकरण. एका पक्षाचा होतकरू कार्यकर्ता, वर्षाला तीनदा वाढदिवस असावा इतके त्याचे फलक लागायचे. कित्येक वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक आता नक्की होणार अशी हवा होती आणि त्याला चौकात आपलं नाव हवं होतं. शाल, श्रीफळ, मारोतरावांचा फेट्यातला फोटो, आणि ‘हे अक्षर आजपासून सगळ्या जनतेचं, सगळ्यांना मोफत’ अशी घोषणा. खाली बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. वर बसलेले मारोतरावही वाजवत होते. रितिका आता दुर्गेशच्या मोबाइल प्रचाराचं काम करते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. चांगलं झालं, पोरीला काम लागलं, असंच त्यांना वाटलं.

निवडणूक लागली. दुर्गेशसमोर बडे दोघे-तिघे होते, पण त्याला खरी भीती एकीचीच होती. शोभाताई भोयर. अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई, नवरा एस.टी.त कंडक्टर होता, मारोतरावांचा जिवाभावाचा मित्र. तो गेल्यापासून ती मारोतरावांना भाऊ मानायची. लेआउटात मुलांच्या खेळाचं म्हणून सोडलेलं एक मैदान आहे. त्यावर लग्नाचं लॉन उठवायचा घाट दुर्गेशच्या नातेवाइकांनी घातला होता आणि शोभाताईने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तो दोनदा मोडला होता. तिसऱ्यांदा मोडायचा तर महापालिकेत जाऊन बसायला हवं, म्हणून ती अपक्ष उभी राहिली. निशाणी शिलाई मशीन. गाडी नाही, भोंगा नाही. सकाळ-संध्याकाळ पायी दारोदार. लेआउटातल्या बाया तिच्यामागे होत्या आणि या वेळी ती निवडून निघणार, असं नत्थूच्या टपरीवर उघड बोललं जात होतं.

मारोतरावांनी तिच्याबद्दल फळ्यावर एक ओळ लिहिली नाही. दुर्गेशबद्दलही नाही. दुर्गेशने एकदा येऊन गोडीगुलाबीने विचारलं होतं, की काकाजी, आपल्याबद्दल एखादी ओळ. मारोतरावांनी सांगितलं की पेपरात आलं आणि वेचण्यासारखं वाटलं तर लिहीन. दुर्गेश हसला आणि पाया पडून गेला.

मतदानाच्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे चौकात गेले तेव्हा टपरीवरची माणसं मोबाइलवरून मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागली. नत्थूने आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मारोतरावांकडे बटणांचा साधा फोन; त्यामुळे जे आदल्या संध्याकाळपासून लेआउटातल्या घराघरात पोचलं होतं, ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

फोटो त्यांच्या फळ्याचा होता. तोच डावीकडचा उडालेला कोपरा, तेच पिवळं ‘वेचक’. पहिल्या तीन बातम्या कालच्याच, त्यांनीच लिहिलेल्या. चौथी मात्र वेगळी होती: ‘शोभाताई भोयर यांची निवडणुकीतून माघार. दुर्गेशभाऊंना पाठिंबा. मतं वाया घालवू नयेत अशी त्यांची विनंती.’ त्यांचाच ‘क्ष’ नसला तरी त्यांचाच ‘भ’, त्यांचीच वेलांटी, शिरोरेघेचा तोच दम. मारोतरावांनी फोटो पाहिला आणि क्षणभर त्यांना स्वतःलाच शंका आली, की हे आपण कधी लिहिलं? त्या एका क्षणाची शरम त्यांना पुढे फार दिवस पुरली.

खरा फळा तिथेच, चार पावलांवर उभा होता. कालची खरी चौथी ओळ त्यावर अजून शाबूत होती. कोणत्या तरी दोन पेपरांनी एकाच नाटकाचं नाव दोन तऱ्हेने छापल्याची. मारोतराव बोट दाखवून सांगत होते की हे पाहा, हे लिहिलं होतं. पण माणसं एकदा फळ्याकडे बघायची, एकदा मोबाइलकडे बघायची आणि मोबाइलच खरा धरायची. एकाने तर समजूत काढल्यासारखं म्हटलं, की काका, मागून पुसून दुसरं लिहिलं असेल, होतं असं. खडूचं लिहिणं ते. पुसता येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नत्थू बिचारा त्यांच्या बाजूने भांडला, की मी दिवसभर फळ्याला लागून बसतो, काल असलं काही नव्हतं. त्यावर कोणीतरी त्याला विचारलं, की मग काल काय होतं ते सांग. नत्थूला सांगता येईना. इतक्या वर्षांत त्याने फळा वाचला नव्हता; छान दिसतो म्हणून नुसता पाहिला होता.

त्यांनी फळा पुसला आणि लाल खडू उचलला. हाताला वर्षानुवर्षांचं वळण होतं. दुरुस्ती म्हटली की हात एकाच जागी जायचा आणि तेच दोन शब्द काढायचा. त्यांनी वर लिहिलं, ‘काल चुकलं’. खाली लिहिलं, ‘शोभाताई भोयर यांनी माघार घेतलेली नाही. तो फोटो खोटा आहे.’ आणि मागे सरकून बघेपर्यंत घोटाळा झाला होता. जमलेल्या लोकांनी वरचे दोन लाल शब्द वाचले आणि माना डोलावल्या. काल चुकलं म्हणतो, म्हणजे काल लिहिलं होतं. आता कोणीतरी दम दिला असेल, म्हणून मागे घेतो आहे. हे तर्कशास्त्र अगदी सरळ होतं.

तेही टिकलं असतं तर काही मतं वळली असती. पण समोरच्या शाळेत मतदान केंद्र होतं. बंदोबस्तावरचा शिपाई आला, त्याने फळ्यावर उमेदवाराचं नाव पाहिलं आणि ते आत्ताच्या आत्ता पुसा म्हणून सांगितलं. मारोतरावांनी गयावया केली. शिपाई उर्मट नव्हता. उलट अगदी अदबीने म्हणाला, की काका, केंद्राच्या इतक्या जवळ उमेदवाराचं नाव चालत नाही, मला माझी नोकरी आहे. मोबाइलमधलं खोटं घराघरात फिरत होतं, त्याला कोणी शिपाई नव्हता. चौकातलं खरं मात्र नियमाबाहेर होतं. मारोतरावांनी ते आपल्या हाताने पुसलं आणि रांगेत उभे असलेले लोक ते बघत होते. दिवसभर फळा कोरा राहिला. प्रचाराची मुदत संपलेली, त्यामुळे शोभाताईलाही दारोदार जाऊन सांगायची सोय नव्हती.

शोभाताई पडली. फार नाही, थोडक्यात पडली, आणि तेच जास्त लागलं. दुर्गेशच्या गुलालाची गाडी चौकातून गेली तेव्हा मारोतराव घरात दार लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे आली. जयवंताबाईंनी पाणी दिलं, ते तिने तसंच ठेवलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

“मारोतभाऊ, तुमी लिवलं नाही हे मले ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मी तुमाले तसं विचारूनई नाही राहिली. मले एवढंच सांगा, अक्षर कोनाचं होतं?”

मारोतरावांनी खाली पाहिलं. “माह्यंच,” ते म्हणाले.

“मंग मी लोकाईले का सांगू?”

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. भाऊबीज, राखी, पोळ्याचा शिधा, इतक्या वर्षांचं जाणं-येणं त्या दिवशी थांबलं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मारोतरावांना वाटत राहिलं. भांडण मिटवता येतं.

मग ते हिंडले. पोलिसात गेले. तिथल्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्या दिवशी फळ्यावर खरं काय होतं याचा काही पुरावा? पुरावा म्हणजे खडूची भुकटी, आणि ती रोज नत्थूच्या टपरीमागच्या नालीत गेलेली. रितिकाला जयवंताबाईंच्या भाचीच्या फोनवरून विचारलं. ती रडवेली झाली, म्हणाली की काका, मी फक्त फॉन्ट केला, पुढचं मला कोणी सांगितलं नाही. तिचं खरं असेलही. खरं असून त्याचा उपयोग काय, हे मारोतरावांना आता कोणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी ते दुर्गेशकडे गेले. नवीन नगरसेवकाच्या ऑफिसात त्यांना ताबडतोब खुर्ची मिळाली, चहा मिळाला.

“काकाजी, आपन नाव कोनाचं घेता?” दुर्गेश शांतपणे म्हणाला. “अक्षर तुमी सगळ्याईले देलं. स्टेजवरून देलं, मी तर साक्षीले होतो. आता कोन त्याचं का करते, हे मी कसं सांगू?”

आणि वर त्याने आनंदाची बातमी दिली. चौकात मारोतरावांच्या नावाने दिव्यांचा मोठा फलक बसतो आहे. रोज सकाळी त्यावर ‘वेचक’ येणार, मारोतरावांच्याच अक्षरात. त्यांनी आता उन्हातान्हात उभं राहायची गरज नाही, या वयात आराम करावा. मजकुराची काळजी ऑफिस घेईल.

तो फलक खरंच बसला. जुन्या फळ्याच्या डोक्यावर, लोखंडी खांबांवर. खाली ‘संकल्पना: मारोतराव तितरमारे’ असं कायमचं कोरलेलं. सकाळी तो लागायचा. ‘नगरसेवक दुर्गेशभाऊंच्या प्रयत्नांतून नाली सफाई.’ ‘मैदानाच्या जागी भव्य सांस्कृतिक लॉनचं भूमिपूजन.’ ‘आजचा सुविचार.’ प्रत्येक अक्षर मारोतरावांचं. रस्त्यात भेटणारी माणसं त्यांना थांबवून सांगायची, की आज मस्त लिहिलं काका, आता रात्रीही वाचता येतं. सुरुवातीला ते सांगायचे की ते मी लिहीत नाही. लोक हसायचे आणि म्हणायचे, अक्षर लपतं होय? पुढे त्यांनी सांगणं सोडलं. चौकात जाणंही सोडलं. पेपर वाचणं सोडलं नाही, पण वेचलेलं ठेवायला जागा उरली नव्हती. दुपारी जयवंताबाई भाजी निवडत असल्या की ते त्यांना एखादी बातमी वाचून दाखवायचे आणि मधेच थांबायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून हटेना. शोभाताईचा प्रश्न. लोकांना काय सांगू, असं ती म्हणाली होती. तिने का सांगायचं? सांगायचं तर आपण सांगायचं, आणि आपल्या अक्षराशिवाय सांगायचं. हे सुचलं त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी मोकळ्या मनाने जेवले. बाजारातून एक पाटी आणली आणि डाव्या हाताने गिरवायला बसले. जयवंताबाईंनी पाहिलं आणि हातातली भाजी खाली ठेवली.

“अवो, काहून लेकरासारखं गिरवून राहिले?” त्या म्हणाल्या. “उजवा हात गेला का तुमचा?”

“गेला,” मारोतराव म्हणाले आणि गिरवत राहिले.

जन्मभर ज्या माणसाने ‘ळ’ची गाठ जराशी सैल आली तरी पाटी पुन्हा रंगवली, तो आता वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर पडणारी अक्षरं काढत होता आणि ती नीट वाचता येतात ना, एवढंच बघत होता. लाज वाटत होती. पण ही लाज त्यांना परवडत होती. कॉम्प्युटरात नसलेलं, कोणाला फुकट न दिलेलं असं हे एकच अक्षर त्यांच्याजवळ उरलं होतं.

एका सकाळी, नत्थूने टपरी उघडायच्या आधी, ते चौकात गेले. वरचा फलक झगमगत होता. खालचा जुना फळा धुळीने पांढरा झालेला. त्यांनी तो पुसला आणि डाव्या हाताने लिहायला घेतलं. फार वेळ लागला. ‘शोभाताई भोयर यांनी माघार घेतली नव्हती. माझ्या नावाने फिरवलेला फोटो खोटा होता. माझं अक्षर मी दुसऱ्यांना दिलं ही माझी चूक. तिची शिक्षा शोभाताईंना झाली. मारोतराव तितरमारे.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फळ्यावर स्वतःचं काही लिहिलं होतं. ओळी खाली घसरत गेल्या होत्या आणि नाव तर पार कोपऱ्यात कोंबावं लागलं होतं.

तिथून ते थेट शोभाताईच्या दारात गेले. ती अंगण झाडत होती. त्यांनी एवढंच सांगितलं, की चौकात चल, तुला दाखवायचं आहे. ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. लिहिलंय, म्हणाले, सगळं लिहिलंय, माझ्या नावानिशी, तू फक्त वाच. शोभाताईने त्यांच्याकडे पाहिलं. खडूने पांढरा झालेला डावा हात पाहिला. मग झाडू भिंतीला टेकवला, चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर निघाली. ती त्यांच्या मागून नाही, बरोबरीने चालत होती, आणि मारोतरावांना तेवढंही पुष्कळ होतं.

चौकात आले तर नत्थू फळ्यापुढे उभा होता. हातात ओलं फडकं होतं. फळा काळाभोर, स्वच्छ, अजून ओला. मारोतरावांना पाहून त्याचा चेहरा उजळला.

“बरं झालं आले, मारोतभाऊ,” तो म्हणाला. “कोन्या हरामखोरानं तुमच्या फळ्यावर खरडून ठेवलं होतं. खाली तुमचं नाव टाकून! म्या सगळं घासून काढलं. एवढे दिवस तुमचं मीठ खाल्लं, मी असलं चालू देतो का?”

शोभाताईने विचारलं, की काय लिहिलं होतं?

“पुरं नाही वाचलं, ताई. तुमच्याच बद्दल होतं काही,” नत्थू म्हणाला. “वाचाचं का त्याच्यात? अक्षर पाहूनच समजलं, खोटं आहे म्हनून.”

शोभाताई ओल्या फळ्याकडे बघत राहिली. मग तिने मारोतरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ज्याने आपल्याला पुन्हा एकदा चौकात आणून उभं केलं, त्याच्याकडे माणूस जसं दमून बघतो तसं ती बघत होती. “येते मी, अंगन तसंच पडलं आहे,” एवढं म्हणून ती वळली आणि निघून गेली.

नत्थूने स्टूल पुढे सरकवलं. मारोतराव बसले. त्याने चहा ठेवला आणि वरच्या फलकाकडे बोट करून कौतुकाने म्हणाला, की हे बघा, याला म्हणतात अक्षर, आज काय लिहिलं आहे तुम्ही? मारोतरावांनी मान वर केली नाही. डाव्या हाताचा खडू ते धोतराला पुसत राहिले.